शिवप्पाचं पिटील

शिवप्पा कुणाच्या घरी गेला की उंबऱ्यातच थांबायचा, दाराच्या फळीवर बोटाचं पेर वाजवायचा आणि तिला कान लावायचा. दार उघडंच असायचं. आतली बाई ‘या की’ म्हणत असायची. पण त्याला आधी ते दार काय बोलतं ते ऐकायचं असे. मग चौकट, मग पाळणा, मग धान्याच्या पेटीचं झाकण, असं करत करत तो पाण्याच्या तांब्यापर्यंत पोचे. नवख्या माणसाला वाटे, हा वाळवी शोधतोय. माझ्या बायकोला तर पहिले काही दिवस त्याचा संशयच आला होता.

मंगळवार पेठेत माझं वाद्यांचं दुकान होतं. बाजाच्या पेट्या दुरुस्त करायच्या, तबल्यांना शाई लावून आणायची, दोन-चार जणांना व्हायोलिन शिकवायचं आणि वर्षाकाठी एखाद-दुसरं व्हायोलिन स्वतः बनवायचं, असा माझा संसार चाले. त्या काळी सोलापुरात व्हायोलिन बनवणारा मी एकटाच होतो, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. शिवप्पा पहिल्यांदा आला तो एका पेटीचा भाता घेऊन. आल्या आल्या त्यानं माझ्या कपाटावर ठेवलेली फळी उचलली. जर्मनीची फळी, मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत तीन महिने वाट बघून मागवलेली. ती त्यानं दोन बोटांत लोंबती धरली, पेर मारलं, ऐकलं आणि हळूच खाली ठेवली.

“मास्तर, हे झोपलंय की,” तो म्हणाला.

मी हसलो. मनातून मात्र माझा तिळपापड झाला. शिवप्पाशी माझा जो काही संबंध पुढं आला, त्याची सुरुवात ही अशी होती. मी मत्सरी माणूस आहे. शेजारच्या दुकानात माझ्यापेक्षा चांगली पाटी लागली तरी मला जेवण गोड लागत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण शिवप्पाविषयी लिहायचं तर माझ्याविषयी खोटं लिहून चालणार नाही.

तो मूळचा मैंदर्गीचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि साखर पेठेतल्या विणकर बायांशी जमेल तसं तेलुगू. गिरणीत तो सुतार होता. माग दुरुस्त करायचे, मागावर आडवा धागा नेणारे धोटे घासून सरळ करायचे, मोडके दांडे बदलायचे हे त्याचं काम. काटकुळा, लांब हातांचा, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि त्या पट्ट्यांवर दिवसभराचा भुसा बसलेला. व्हायोलिनला तो ‘पिटील’ म्हणे, कानडीत म्हणतात तसं. सूर म्हणाल तर त्याच्या गळ्यात औषधालाही नव्हता. ‘सा’ कुठला आणि ‘प’ कुठला हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि ते शिकावं असंही कधी वाटलं नाही. भजनात तो टाळ घेऊन बसे, पण टाळ मांडीवरच राही. त्याचं सगळं ध्यान पेटीच्या लाकडाकडे.

रंगराव नावाचे एक व्हायोलिनवादक तेव्हा एका नाटक कंपनीत होते. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्यांच्या व्हायोलिनची वरची फळी तडकली आणि ते वाद्य माझ्याकडे आलं. क्रेमोना म्हणून इटलीतलं एक गाव आहे. तिथल्या जुन्या कारागिरांनी व्हायोलिनचा जो घाट ठरवला, त्यापुढं दोन-अडीचशे वर्षांत कुणी गेलं नाही असं म्हणतात. रंगरावांचं वाद्य काही खुद्द तिथलं नव्हतं, पण त्या घाटावर फार बारकाईनं केलेलं होतं. मी त्याची फळी उलटून मांडली होती आणि शिवप्पा आला.

तो फळीपाशी उकिडवा बसला. मग धोतराला हात पुसले आणि अंगठा त्या फळीच्या आतल्या बाजूनं कडेपासून मध्यापर्यंत फिरवला, मध्यापासून परत कडेपर्यंत. मी त्याला जाडी मोजायचा माझा चिमटा दाखवला, मुंबईहून आणलेल्या पुस्तकातले आकडे दाखवले. कुठं किती जाड, कुठं किती पातळ, सगळं त्यात छापलेलं होतं. त्यानं मान डोलावली आणि परत अंगठाच फिरवला. “मापानं जाडी कळती,” एवढंच म्हणाला. बाकीचं वाक्य त्यानं सोडून दिलं. त्याला कुणाला दुखवायचं नसलं की तो वाक्यं अशी अर्धी सोडायचा.

तडकलेलं वाद्य कितीही सांधलं तरी रंगरावांचा त्यावरचा भरवसा उडाला होता. कंपनी विजापूर-हुबळीकडं जाऊन दिवाळीनंतर परत सोलापुरात येणार होती. तोवर याच घाटाचं नवं वाद्य करून ठेवा, आवाज पसंत पडला तर आयुष्यभर तेच वाजवीन, असं ते म्हणाले. मोठ्या कंपनीतला वादक गावोगाव माझं वाद्य वाजवणार! मला त्या रात्री झोप आली नाही. पण रंगराव उठायच्या आत कोपऱ्यातून शिवप्पा म्हणाला, मी पण एक करू का? रंगराव गमतीनं म्हणाले, कर बाबा, दोन्ही ऐकू. घाटाचा पुठ्ठ्याचा नमुना मी स्वतः कापून शिवप्पाला दिला. लोक याला माझा मोठेपणा समजले. त्यात मोठेपणा कसला? गिरणीतला सुतार काय करणार, एवढीच माझी समजूत होती.

पुढचे सहा महिने मी पुस्तकाबरहुकूम काम केलं. तीच जर्मन फळी, तेच आकडे, केसाचाही फरक नाही. शिवप्पा मात्र लाकूड शोधत पेठा पालथ्या घालत होता. गिरण्यांची यंत्रं विलायतेहून बोटीनं यायची ती भल्यामोठ्या लाकडी खोक्यांतून. ती खोकी मोडून त्यांच्या फळ्या लोक घेऊन जात. अर्ध्या सोलापूरचे माळे, फडताळं आणि पाळणे त्या खोक्यांचे होते. देवदारासारखं हलकं लाकूड, आणि तीस-चाळीस वर्षं चुलीच्या धगीत वाळलेलं. साखर पेठेतल्या नरसम्मा नावाच्या विणकर बाईच्या माळ्याची एक फळी त्याच्या कानाला पसंत पडली. तिचा माळा ठोकत तो चार दिवस हिंडत होता. पाचव्या दिवशी तिनं तेलुगूत त्याचा उद्धार करून झाडू उचलला. शेवटी अख्खा माळा नवा सागवानी करून द्यायचा ठरला, तेव्हा ती एक फळी त्याला मिळाली. पाठीसाठी त्यानं गिरणीतून मोडीत काढलेला एक जाडजूड रूळ आणला, पांढऱ्या विलायती लाकडाचा. “ह्यो लई वर्सं फिरलाय,” तो मला कौतुकानं सांगत होता. “ह्याच्या अंगात आता कायबी अडकलेलं न्हाय.”

वाद्य घेऊन तो दसऱ्याच्या सुमारास आला. तारा चढवणं, सुरात लावणं त्याला येत नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे आणण्यावाचून त्याला इलाज नव्हता. रंग जेमतेम लागलेला, आणि छातीवर एक काळा ठिपका. खोक्याच्या खिळ्याचं भोक त्यानं खुंटी मारून बुजवलं होतं. ते बघून मी पोटभर हसलो. शिवप्पाही हसला. संध्याकाळी येतो म्हणून तो कामावर गेला.

मी तारा चढवल्या, त्यांच्याखाली त्यांना उचलून धरणारी घोडी बसवली, आतली काडी सरकवून नीट केली आणि गज टेकवला.

काय सांगू? त्या वाद्याला गळा होता. गज नुसता ठेवायचा आणि सूर आपण होऊन बाहेर यायचा, भरलेला, उबदार. सूर सोडला तरी तो खोलीत थोडा वेळ थांबायचा. मी भीमपलासाचे चार सूर वाजवले, मग आणखी चार, आणि किती वेळ गेला कळलं नाही. मागच्या दारातून बायको पिठाचे हात तसेच घेऊन आली. तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नसे, आणि वीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्या वाजवण्याविषयी चांगलं-वाईट काहीही म्हटलं नव्हतं.

“अहो, आज काय झालंय?” ती म्हणाली. “आज किती छान वाजवताय तुम्ही.”

ती आत गेली. मी वाद्य खाली ठेवलं. माझं स्वतःचं, सहा महिने खपून केलेलं वाद्य शेजारीच होतं. ते घेतलं, तेच सूर वाजवले. आवाज स्वच्छ होता, बरोबर होता, कुठं नाव ठेवायला जागा नव्हती. पण आतून कुणी बाहेर आलं नाही. त्या क्षणी मला शिवप्पाचा जो राग आला तो शब्दांत सांगता येणार नाही. चोरानं माझं काही नेलं असतं तर मी एवढा चिडलो नसतो. ज्याला ‘सा’ कळत नाही, ज्यानं पुस्तक उघडलं नाही, त्याच्या अंगठ्यात हे कुठून आलं? संध्याकाळी तो आला आणि कसं वाजतंय म्हणून विचारलं. ठीक आहे, मी म्हणालो. त्याला तेवढंच पुरलं. खूश होऊन गेला.

दिवाळीनंतर कंपनी आली. पारख थिएटरातच करायची असं रंगरावांनी ठरवलं. दुपारची वेळ, थिएटर रिकामं. ते म्हणाले, वाजवणाराचा कान वाद्याला चिकटलेला असतो, त्याला खरा आवाज कळत नाही. मी शेवटच्या बाकावर बसतो, पडदा पाडा, आणि पडद्यामागून मास्तर तुम्हीच तिन्ही वाजवा. माझं जुनं, तुमचं आणि ह्या सुताराचं. कुठलं कुठल्या वेळी ते मला सांगू नका. स्वतःच्या वाद्याच्या पारखीत स्वतःच वादक, यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही. मी मास्तर होतो ना! शिवप्पा धुतलेलं धोतर नेसून आला होता. तो रंगरावांच्या शेजारी जाऊन बसला, गुडघ्यांवर हात ठेवून.

पडद्यामागं मी एकटा होतो. आधी रंगरावांचं जुनं वाद्य वाजवलं, मन लावून. मग माझं वाजवलं, आणि आयुष्यात कधी वाजवलं नाही असं वाजवलं. मग शिवप्पाचं उचललं. त्याचा तो खिळ्याचा ठिपका माझ्याकडे बघत होता.

गज वाकडा धरायला काही कसब लागत नाही. घोडीपासून थोडा दूर घ्यायचा, दाब अर्धा ठेवायचा, बोट तारेवर पुरतं टेकवायचं नाही. सूर बेसूर होत नाही, नुसता मरतो. ऐकणाऱ्याला वाटतं, वाद्यच तसं आहे. मी हे सगळं ठरवून केलं. मधेच एका सुरावर हात विसरला आणि वाद्य एकदम खणखणीत बोललं, तसा मी दचकून दाब काढून घेतला. सगळं मिळून तीन-चार मिनिटांचं काम होतं.

पडदा उठला. दुसरं वाद्य पसंत आहे, रंगराव म्हणाले, आणि तिसरं नाकातून बोलतं. मी चेहरा गंभीर ठेवून सांगितलं की दुसरं माझं. शिवप्पानं दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला. मग आपलं वाद्य बारदानात गुंडाळून घेऊन गेला. जाताना म्हणाला, “कायतरी ऱ्हायलंय. बगतो मी.”

माझं व्हायोलिन कंपनीबरोबर गावोगाव गेलं. माझं नाव झालं. हुबळीहून, नातेपुत्याहून लोक पत्ता विचारत दुकानात येऊ लागले. शिवप्पा मात्र दोन महिने फिरकला नाही, आणि त्याचं मला बरंच वाटलं. रस्त्यात लांबून दिसला तरी मी गल्ली बदलत असे.

मग एका रविवारी सकाळी तो बारदान घेऊन उभा राहिला. दारावर पेर न मारता सरळ आत आला.

“मास्तर, आता वाजवून बगा,” तो म्हणाला. “वरची फळी काढून आतनं घासली मी. जिथं जिथं जड लागली तितं काढली.”

मी वाद्य हातात घेतलं. फळीवर हलकंसं बोट दाबलं तरी ती आत जात होती. तारा चढवल्या, सुरात लावलं, आणि होतं नव्हतं ते सगळं हातात आणून वाजवलं. त्या दिवशी पडद्यामागं माझ्या वाद्यावर वाजवलं त्याहूनही चांगलं वाजवलं असेन. पण तो गळा गेला होता. रिकाम्या घागरीत बोलावं तसा मोठा, पोकळ आवाज, आणि सोडला की लगेच विझायचा. बायको आतून बाहेर आली नाही.

शिवप्पा भिंतीला टेकून ऐकत होता. मी थांबलो तेव्हा म्हणाला, “लई गेलं की.”

आता मात्र माझ्याच्यानं राहवेना. मी गज खाली ठेवला आणि सांगून टाकलं की शिवप्पा, त्या दिवशी तुझं वाद्य मी मुद्दाम वाईट वाजवलं, तुझं वाद्य माझ्यापेक्षा चांगलं होतं, फार चांगलं होतं.

“म्हाईत हाय की,” तो म्हणाला.

माहीत होतं तर तिथंच का नाही बोललास, असं मी विचारलं. त्याला प्रश्नाचंच नवल वाटलं. चार लोकांत मास्तरांनी लबाडी केली म्हणून कसं सांगणार, नमुना तर मास्तरांनीच कापून दिला होता, असं काहीतरी तो पुटपुटला. मग मी विचारलं, एवढं ठाऊक असताना चांगलं वाद्य घासलंस कशाला?

“तुमचा हात रुसला व्हता,” तो म्हणाला. “रुसू दे की. माणसाचा हात हाय, रुसनारच. पन इनकराला ताप भरला म्हणून धोटा पळायचा ऱ्हातो व्हय? एका सुराला ते बोललं, बाकीच्याला गप बसलं. म्हंजे फळीत कायतरी जड ऱ्हायलं असंल. रुसल्या हातात बी बोलाया पायजे, तवा ते पिटील.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी केलेल्या लबाडीतला दोष त्यानं दोन महिने स्वतःच्या लाकडात शोधला होता आणि घासून काढायचा प्रयत्न केला होता. मी त्याला म्हटलं, दुसरं कर, मी तारा देतो, रंगरावांना मी सगळं सांगतो. तो नको म्हणाला. तसली फळी आता मिळायची नाही, आणि नरसम्मानं तर त्याला दारात उभं करायचं बंद केलं होतं. मग तो चहा प्यायला, बशी धुऊन ठेवली आणि गेला. रंगरावांना मी पत्र लिहायला घेतलं होतं. दोन ओळींच्या पुढं ते कधी गेलं नाही.

त्यानंतर मी बरीच व्हायोलिनं केली. प्रत्येक वेळी गज टेकवताना मी तो आवाज ऐकू यायची वाट बघत असे. खोक्यांच्या फळ्याही आणून पाहिल्या, चोरून, अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून अंगठाही फिरवून पाहिला. अंगठ्याला लाकूड लागे, दुसरं काही लागत नसे. शिवप्पा अधूनमधून दुकानात यायचा, माझं नवं वाद्य हातात धरून बघायचा आणि ‘ब्येस हाय’ म्हणायचा. झोपलंय असं तो मला पुन्हा कधी म्हणाला नाही, आणि त्याच्या त्या सांभाळून घेण्याचाही मला राग यायचा. मला त्याच्या हातांचा हेवा वाटायचाच. त्यात आता त्याच्या मनाचाही वाटू लागला. चांगुलपणातसुद्धा हा माणूस माझ्यापुढं जाऊन बसला होता.

पाच-सहा वर्षांनी छातीच्या दुखण्यानं तो गेला. त्यांच्या समाजात मृताला बसवून नेतात. भिंतीशी पाटावर बसवलेला, हार घातलेला, कपाळावर ताजी विभूती, आणि पुढं भजन चाललेलं. त्याच्या बायकोनं, गुरुबाईनं, मला निरोप पाठवला होता. ते पिटील खुंटीवर तसंच होतं, मास्तरांनी तेवढं त्यांच्यापुढं वाजवावं, अशी तिची इच्छा होती. मी वाजवलं. जेवढं येत होतं तेवढं सगळं वाजवलं, डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसलंही नाही. तो पोकळ आवाज त्या लहानशा घरात घुमत राहिला.

वाजवून झाल्यावर गिरणीतला त्याचा एक सोबती माझ्याजवळ सरकला. भला माणूस होता. शिवप्पा समोरच बसवलेला होता, गुरुबाई शेजारीच, म्हणून अगदी हलक्या आवाजात बोलला.

“शिवप्पा देवमानूस हो,” तो म्हणाला. “पन पिटील करनं सुताराचं काम न्हवं. तुमी एवढा जीव लावून वाजवलात, तरी त्यात आवाजच न्हाय. तुमच्या हाताची सर त्याला कुटली?”

एवढ्या वर्षांत खरं सांगायची याच्याहून सोपी वेळ आली नव्हती. शिवप्पा समोर होता, गुरुबाई ऐकत होती. मी ‘हो’ अशी मान हलवली. आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला बरं वाटलं.